आधी माझ्याकडे बघ

अण्णा, तुमच्या तेराव्याचं जेवण मी अर्ध्यावर टाकून उठलो. पानावर दह्यातली डांगर पचडी तशीच राहिली. मला आवडते म्हणून वैनींनी ती मुद्दाम केली होती. लोकांना वाटलं असेल, याला रडू आवरेना. तसं काही नव्हतं. रडायचं तेवढं मी स्मशानात रडून घेतलं होतं. पानावरून उठलो तो रागाने, आणि ज्यांच्यावर राग तेच समोर भिंतीवर हार घालून, टोपी जरा तिरपी करून हसत होते.

माझ्या शेजारच्या पानावर आपल्या विमान कंपनीचे जुने मॅनेजर वरदाचारी होते. भातावर रस्सम घेता घेता ते तुमच्याबद्दल चांगलं बोलू लागले. तुम्ही किती तत्त्वाचे, किती कडक. मी मान डोलवत होतो. मग ते म्हणाले, "त्या वर्षी कमांडच्या तासांची अट त्यांनीच लावून धरली. मी तर म्हणत होतो, आपल्याच को-पायलटांना वर घेऊ. कंपनीलाही ते सोयीचं होतं. पण हे ऐकेनात. तुझ्याविरुद्ध बोलताना त्यांना किती जड गेलं असेल, विचार कर."

माझा हात तोंडापाशीच थांबला. त्यांनी माझा चेहरा पाहिला आणि म्हणाले, "तुला ठाऊक नव्हतं? ऐयो!"

नव्हतं, अण्णा. इतकी वर्षं तुमच्या ओसरीवर बसून मी ज्या नियमाला शिव्या घातल्या, तो नियम तुम्ही केला होता, आणि मी शिव्या घालताना तुम्ही मला कॉफी पुढे करत होतात.

मद्रासला मांबळमच्या तुमच्या घरामागच्या खोलीत मी राहायला आलो तेव्हा मला तमिळ येत नव्हतं आणि तुमची तंजावूरची मराठी कळत नव्हती. मी सांगलीचा, हे मी तुम्हाला पन्नासदा सांगितलं असेल. पण तंजावूरच्या वर जिथे म्हणून मराठी बोलतात ते सगळं तुमच्या लेखी पुणं, त्यामुळे मी कायमचा 'पुणेकर' झालो. माझ्या मराठीची तुम्ही यथेच्छ चेष्टा करायचात. "तुझी मराठी पत्रांत लिहायची. आमची तोंडांत धरायची," असं म्हणून मोठ्याने हसायचात. मला टायफॉइड झाला तेव्हा वैनी आठवडेच्या आठवडे पेज घेऊन मागच्या खोलीत येत होत्या. तुम्ही दारात उभे राहून विचारायचात, "काय पुणेकरा, इंजिन चालू आहे की बंद?" घरापासून इतक्या दूर मला कुणी आपलं म्हटलं असेल तर ते तुम्ही दोघांनी. हे मी विसरलो असतो तर राग इतका आला नसता.

घरी तुम्ही अण्णा आणि विमानात कॅप्टन, ही शिस्त तुमचीच. मीनंबाक्कमच्या विमानतळावर डकोटाची शिडी चढलो की मी 'अण्णा' म्हणायचं नाही आणि इंजिनं बंद होऊन पंखे थांबले की 'कॅप्टन' म्हणायचं नाही. पहिल्या दिवशी मी उजव्या खुर्चीत बसलो, कमरेचा पट्टा आवळला आणि उत्साहाच्या भरात कुठल्याशा दांड्याला हात घातला. तुम्ही माझं मनगट धरलंत. जोरात नाही, पण धरलंत.

"आधीं माझ्याकडे बघ. मग हात लाव. सरि?"

"सरि, कॅप्टन," मी म्हणालो. बहुधा तो मी बोललेला पहिला तमिळ शब्द असेल.

तेव्हापासून मी बघत आलो. चाकं वर घ्यायची, डावीकडे तुमच्याकडे बघायचं. तुम्ही हनुवटी जराशी हलवली की दांडा ओढायचा. उतरताना फ्लॅप सोडायचे, तुमच्याकडे बघायचं. ढगाला वळसा घालायचा, तुमच्याकडे बघायचं. इतर कॅप्टनांबरोबरचे को-पायलट गप्पा मारत, कुणी सिगारेट ओढत. आपल्या विमानात ही मान हलायची आणि ती हनुवटी हलायची, बोलायची गरजच पडायची नाही. तुम्ही त्याचा अभिमान मिरवायचात. "माझा को-पायलट एकदांही न विचारतां हात लावत नाहीं," असं तुम्ही त्याच वरदाचारींना माझ्यासमोर सांगितलं होतंत, आणि मी शाबासकी मिळाल्यासारखा फुगलो होतो.

हे सगळं विमान न चालवणाऱ्याला सांगायचं तर एवढंच, की डावी खुर्ची कॅप्टनची आणि उजवी को-पायलटची. उडवतात दोघंही. मद्रास ते तिरुची तुम्ही उडवायचं, तिरुची ते मदुरै मी, असंच आपलं चालायचं. वाऱ्यात विमान तिरकं धरून सरळ कसं उतरवायचं, इंजिन आजारी पडायच्या आधी त्याचा आवाज कसा बदलतो, हे तुम्ही मला हातात हात धरून शिकवलंत आणि त्यात कधी हातचं राखून ठेवलं नाहीत. पण नोंद करताना डाव्या खुर्चीचे तास 'कमांड'चे आणि उजवीचे नुसते तास. उजव्या खुर्चीत माणसाचे केस पिकले तरी कमांडच्या रकान्यात त्याचं शून्यच.

यावर आपण किती भांडलो! म्हणजे मी भांडायचो आणि तुम्ही ऐकायचात, असं आता लक्षात येतं. मी म्हणायचो, कंपन्या कमांडचा अनुभव मागतात, आणि कमांड दिल्याशिवाय तो यायचा कुठून? लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही, त्यातली गत. ही म्हण तुम्हाला फार आवडली होती. तुमच्याकडे ती नव्हती. घरी येईल त्याला तुम्ही ती ऐकवायचात, तीही अर्धी उलटी करून. आणि मग म्हणायचात, "तास काय रे, बसून बसून कोंबडीचेही होतात. डोकं पाहावें माणसाचं." मला वाटायचं, अण्णा माझ्या बाजूचे आहेत. एवढा मोठा कॅप्टन माझ्या बाजूचा आहे.

मग आपले दोन कॅप्टन नोकरी सोडून मोठ्या कंपनीत गेले आणि दोन डाव्या खुर्च्या रिकाम्या झाल्या. अर्ज कर, असं मला तुम्हीच सांगितलंत. निवड करणाऱ्या तिघांत तुम्ही होतात, म्हणून मी तर निश्चिंत होतो. त्या सकाळी वैनींनी माझ्या हातावर दही घातलं. तुम्ही माझा टाय सरळ केलात. आपण दोघं एकाच टॅक्सीने मीनंबाक्कमला गेलो. वाटेत तुम्ही गिंडीपर्यंत एक अक्षर बोलला नाहीत. मला वाटलं, परीक्षकाने उमेदवाराशी बोलू नये म्हणून.

संध्याकाळी तुम्ही मागच्या खोलीत आलात. कधी नव्हे ते माझ्या खाटेवर बसलात. म्हणालात, "कंपनीनं कमांडच्या तासांची अट घातली. मी काय करणार, सांग?"

शब्द न् शब्द माझ्या लक्षात आहे. 'कंपनीनं' म्हणालात. मी उलट तुमची समजूत घातली, अण्णा! "तुम्ही वाईट वाटून घेऊ नका," असं मी तुम्हाला म्हणालो. तुम्ही माझ्या पाठीवर हात ठेवलात आणि तो बराच वेळ तिथेच राहिला. केसाने गळा कापणं म्हणतात ते याहून वेगळं काय असतं?

त्या जागांवर हवाई दलातून आलेले दोघे आले. लढाईत डकोटा उडवलेले, कमांडच्या तासांनी रकाने भरलेले. ते नालायक निघाले असते तर मला बरं वाटलं असतं, पण ते चांगले होते. मी त्यांच्या उजवीकडे बसलो, तुमच्या उजवीकडे बसलो, आणि माझ्यानंतर नोकरीला लागलेली माणसं दुसऱ्या कंपन्यांत जाऊन कॅप्टन झालेली पाहिली. माझ्या वडिलांनी सांगलीत पेढे वाटायची तयारी करून ठेवली होती. ते पेढे त्यांच्या हातून वाटले गेलेच नाहीत. मला कमांड मिळाली तोवर ते राहिले नव्हते. हे तुम्हाला ठाऊक होतं. ती तार आली तेव्हा ती तुम्हीच मला वाचून दाखवली होती.

वरदाचारींना मी हात धुताना गाठलं. म्हटलं, अण्णा माझ्याविरुद्ध नेमकं काय बोलले ते सांगा. ते टाळत होते. शेवटी म्हणाले, "तिरुचीचं सांगितलं त्यांनी. म्हणाले, मुलगा माझ्याहून चांगला उडवतो. पण ठरवायची वेळ आली की माझं तोंड पाहतो. तास मागा, म्हणाले. डाव्या खुर्चीत एकट्याने निस्तरलेले तास मागा. नुसतं उडवता येणं पुरत नाही."

तिरुची मला लख्ख आठवलं.

कार्तिकातला पाऊस होता. समुद्रावरून येणारा, मद्रासला दरवर्षी झोडपणारा. डकोटाची पुढची काच अशी गळायची की आपण दोघंही मांडीवर मेणकापड घेऊन बसायचो. मी उडवत होतो. तिरुचीची धावपट्टी एकदा दिसली आणि पावसात बुडाली. विमान खाली चाललं होतं. पुन्हा वर घ्यायला हवं हे मला कळत होतं. माझा हात इंजिनांच्या थ्रॉटलवर होता. मी तुमच्याकडे बघितलं.

तुम्ही खिडकीतून बाहेर बघत होतात.

असं कधी झालं नव्हतं. मला वाटलं, कॅप्टनना काहीतरी दिसतंय. जमीन दिसतेय, धावपट्टी दिसतेय. मी थांबलो. विमान उतरतच होतं. "कॅप्टन?" मी म्हटलं. तेव्हा तुम्ही मान वळवलीत, "वर," म्हणालात आणि माझ्या हातावर हात ठेवून थ्रॉटल पुढे रेटलेत. आपण मद्रासला परतलो. इंजिनं थांबल्यावर मी तुमच्या बोलण्याची वाट पाहिली. तुम्ही मेणकापड झटकून घडी करत म्हणालात, "पाऊस बरा पडला. तळीं भरतील." मग कँटीनमध्ये तुम्ही मला वडा खायला घातलात.

ती परीक्षा होती होय, अण्णा? परीक्षा आहे हे न सांगता घेतलेली? ज्याने पहिल्याच दिवशी माझं मनगट धरून 'आधी माझ्याकडे बघ' म्हटलं, वर्षानुवर्षं तेच घोटून घेतलं, चारचौघांत त्याचंच कौतुक केलं, त्याने एके दिवशी तोंड फिरवायचं आणि म्हणायचं, बघा, हा माझ्याकडे बघतो! बैलाला वेसण तुम्हीच घालायची आणि हा आपल्या मनाने का चालत नाही म्हणून बाजारात नाव ठेवायचं, हा कुठला न्याय?

असेल, तुमचं म्हणणं बरोबरही असेल. मला कमांड मिळाल्यावर पहिल्याच पावसाळ्यात मला कळलं की उडवणं आणि ठरवणं यात किती अंतर आहे. कॅप्टन नेमताना कंपनीने किती तास मागावेत, हे मला आज कुणी विचारलं तर मीही चटकन आकडा कमी करा म्हणणार नाही. पण मग ते माझ्या तोंडावर सांगायचंत. 'पुणेकरा, तू अजून तयार नाहींस, आणि ती चूक अर्धी माझी,' एवढं खाटेवर बसून बोलला असतात तर मी चिडलो असतो, खोली सोडून गेलो असतो, महिनाभर जेवायला आलो नसतो. आणि मग आलो असतो. तुम्ही मला त्या भांडणाचीही संधी दिली नाहीत. कंपनीवर ढकलून मोकळे झालात, आणि आता तर हातावर तुरी देऊन पार निघूनच गेलात.

पानावरून उठल्यावर मी विहिरीपाशी जाऊन बसलो होतो. वैनी तिथे आल्या. पांढऱ्या कपाळाने त्या मला ओळखूच येईनात. मी काही विचारायच्या आधीच त्या म्हणाल्या, "वरदाचारी बोलला की काय?"

म्हणजे त्यांनाही ठाऊक होतं. मी इतकं जेवलो त्या घरात!

"त्यांनीं मला त्याच रात्रीं सांगट्लं," वैनी म्हणाल्या. "मी म्हणट्लें, त्या पोराला सांगा. नाहीं म्हणट्ले. म्हणट्ले, त्याला कळेल कधीं तरी, मग येईल भांडायला. तेव्हां सांगेन. रोज वाट पाहायचे रे. तूं ओसरीवर आलास की म्हणायचे, आज आला वाटतं भांडायला. तूं कॉफी पिऊन जायचास."

तुम्ही पुन्हा तेच केलंत, अण्णा. पुन्हा खिडकीबाहेर तोंड करून बसलात आणि मी काय करतो याची वाट पाहिलीत. आणि मी तुमच्यावर विश्वास टाकून बसलेला. जे ठाऊकच नाही त्यावर कोणी कसं भांडावं?

वैनींनी पदराने डोळे पुसले. म्हणाल्या, "राग धर. पण जेवून तर जा." मी जेवलो नाही. त्याचं मात्र आता वाईट वाटतं. तुमच्यावरचा राग मी त्यांच्या पचडीवर काढायला नको होता.

मला कॅप्टनची चौथी पट्टी मिळाली त्या दिवशी तुम्ही तुमचं मेणकापड मला दिलंत. तोवर डोळ्यांमुळे तुमचं उडणं बंद होऊन तुम्ही ऑफिसात बसू लागला होतात. "डावी काच ज्यास्त गळते," म्हणालात. त्या कापडाने मी तेव्हा डोळे पुसले होते. तेराव्याहून परत आल्यावर ते फेकून द्यायला काढलं. दारापर्यंत नेलं आणि परत आणलं. दुसऱ्या दिवशी तिरुचीची फेरी होती आणि आभाळ भरलेलं होतं. गळती काही राग पाहून थांबत नाही.

माझा को-पायलट राघवन. चांगला उडवतो, चांगला म्हणजे खूपच. पहिल्या दिवशी त्याने दांड्याला हात घातला तेव्हा मी त्याचं मनगट धरलं होतं आणि म्हटलं होतं, आधी माझ्याकडे बघ. दुसरं काही मला शिकवताच येत नव्हतं. मला तेच तर शिकवलं होतं.

तिरुचीवर पाऊस होता. उडवत राघवन होता. धावपट्टी दिसली, पुसट झाली, गेली. अजून भरपूर उंची हातात होती. त्याचा हात थ्रॉटलवर होता. त्याने डावीकडे माझ्याकडे बघितलं.

मी तोंड फिरवलं. खिडकीबाहेर बघितलं. काय होतं तिथे, अण्णा? ओला पंख आणि राखाडी पाऊस. दुसरं काहीही नव्हतं. त्या एका श्वासात मला कळलं की त्या संध्याकाळी माझ्या पाठीवर तुमचा हात इतका वेळ का राहिला होता. आणि हेही कळलं की खिडकीकडे बघत राहणं फार सोपं आहे.

मी मान परत वळवली. तो अजून बघतच होता.

"राघवन," मी म्हणालो, "माझ्याकडे बघायला मीच शिकवलं तुला. आज बघू नकोस. मी काही सांगणार नाही. तू ठरव."

त्याचा चेहरा उतरला. मग त्याने थ्रॉटल पुढे रेटले, "वर घेतो, कॅप्टन," म्हणाला, आणि आपली जुनी डकोटा थरथरत पावसातून वर निघाली. काच गळत होती. तुमचं मेणकापड माझ्या मांडीवर भिजत होतं.

इंजिनांचा एवढा आवाज होता, तरी त्याला माझं बोलणं नीट ऐकू गेलं, अण्णा. मलाही गेलं असतं.